ठासणीची जुनी रायफल घेताय? आधी कागद बघा, मग नळी

सात-आठ वर्षांपूर्वी मी पहिली ठासणीची बंदूक बघायला गेलो तेव्हा मला एवढंच माहीत होतं की ती तोंडाकडून भरतात आणि धूर बक्कळ होतो. दस्ता चकाचक पॉलिश केलेला होता, पितळी पट्ट्या चमकत होत्या, मी लगेच प्रेमात. सोबत आलेल्या मामांनी बंदुकीकडे बघितलंच नाही, मालकाला म्हणाले, “लायसन्स दाखवा आधी.” तेव्हा मला राग आला होता, आता मी स्वतः तेच करतो.

हे सगळं नव्या माणसासाठी लिहितोय, म्हणजे ज्याच्या हातात कधी अशी बंदूक आलेली नाही त्याच्यासाठी. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी किंवा छर्रे गजाने ठासायचे, मागे निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या बारक्या खुंटीवर, तांब्याची छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला पेटतो आणि ठिणगी निपलच्या भोकातून आत दारूपर्यंत जाते, की बार. याच्या आधी तोड्याची (पेटत्या वातीने पेटणारी) आणि चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक होती. फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आपटून पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ साली घेतलं, टोपी त्याच्यानंतर आली. आपल्याकडच्या पावसात चकमकीपेक्षा टोपी किती बरी हे मुळशी-वेल्ह्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

पहिलं काम लायसन्सचं, बंदूक नंतर

लायसन्स हातात नसेल तर बंदूक बघायला जाऊच नका, कारण बघितली की मन अडकतं आणि मग माणूस शॉर्टकट शोधतो. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्यात ठासणीच्या बंदुकीला सूट नाही, चालू बंदूक म्हणजे बंदूक. वय २१ पूर्ण पाहिजे. पुणे शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळं आयुक्तालय आहे तिकडे, आणि दोन्हीच्या बाहेर ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी ऑफिसला. कारण काय लिहिताय ते नीट ठरवा, शेतरक्षण का खेळ का स्वसंरक्षण, कारण चौकशीला येणारा पोलीस तेच विचारणार आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याने शेतरक्षण लिहिलं तर तो सातबारा मागणारच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त २ बंदुका आणि लायसन्सची मुदत ५ वर्षं. म्हणजे घरात आधीच २ असतील तर तिसरी कितीही स्वस्त मिळू द्या, विषय संपला.

आता ते “अँटिक आहे हो, याला लायसन्स लागत नाही” प्रकरण. हे वाक्य तुम्हाला शंभर टक्के ऐकायला मिळणार, जुन्या बाजारात मिळेल, वाडा पाडायला काढलेल्या मालकाकडून मिळेल, व्हॉट्सअपवर तर मिळेलच. कायद्यात सूट आहे, कलम ४५ मध्ये आहे, पण शब्द नीट वाचा. जुन्या पद्धतीचं किंवा पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, आणि ते असं पाहिजे की दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही. खरी मेख त्या “दुरुस्त करूनसुद्धा” मध्ये आहे. भिंतीवर टांगलेली, घोडा तुटलेली, गंजलेली बंदूक एखादा मिस्त्री नवीन घोडा घालून चालू करू शकत असेल तर ती सुटत नाही. आणि तुम्हाला तर मुळात चालवायलाच घ्यायची आहे, मग अँटिक सांगून घेणार आणि नंतर बार काढणार हे कसं चालेल? त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की नमस्कार करून निघायचं, चहासुद्धा नको.

ऑनलाइन जाहिरातींचंही तेच. फोटो, किंमत, “कागद नंतर बघू”. नंतर तुम्ही कागद बघत नाही, पोलीस तुम्हाला बघतात.

विकणाऱ्याचे कागद

विकणाऱ्याचं लायसन्स चालू आहे का, त्यावर युआयएन नंबर (लायसन्सवाल्याला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक) आहे का, आणि हीच बंदूक त्यावर चढलेली आहे का, एवढ्या तीन गोष्टी. नंबर लायसन्सवरून वाचायचा आणि नळीवर शोधायचा, एकेक आकडा बोटाने जुळवायचा. बऱ्याच ठासणीच्या बंदुका गावठी कारागिरांनी केलेल्या, मूळ कंपनीचा नंबर असा नसतोच, नंतर कधीतरी नोंदणीच्या वेळी ठोकलेला असतो, त्यामुळे तो वाकडातिकडा असला तर घाबरायचं कारण नाही. पण नंबरच नसेल किंवा कानसलेला वाटत असेल तर सोडून द्या. कलम ८ प्रमाणे ओळखीची खूण नसलेली बंदूक विकताच येत नाही, आणि ज्याच्या हातात सापडली त्यानेच खूण खोडली असं धरून चालतात. म्हणजे कुणाच्या तरी आजोबाने घासलेला नंबर तुमच्या गळ्यात.

खाजगी माणूस आपली बंदूक लायसन्सवाल्या दुसऱ्या माणसाला विकू शकतो, पण आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि मग ४५ दिवस जाऊ द्यायचे. पोच घ्या, शिक्का असलेली. आज बघितली, उद्या पैसे दिले, परवा गाडीत टाकून आणली, असं होत नाही. नव्या माणसाने तर परवानाधारक दुकानदारामार्फतच व्यवहार करावा असं माझं मत, थोडे पैसे जातात पण नोंदी तो करतो आणि बंदूक त्याच्याकडे राहते, ४५ दिवस तुमची झोप उडत नाही. अजून एक, निवडणूक लागली की लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात, मी एकदा आचारसंहितेत भोरला गेलो आणि मालकाने पावती दाखवली, बंदूक ठाण्यात. पेट्रोल फुकट.

मालक वारलेला असेल आणि मुलं विकत असतील तर आधी ती बंदूक मुलांच्या नावावर तरी आहे का किंवा दुकानात रीतसर जमा आहे का ते विचारा. बापाच्या लायसन्सवर मुलगा विकू शकत नाही. साधी गोष्ट आहे पण गावाकडे यावरच गाडी अडते.

रायफल म्हणतात ती रायफल असतेच असं नाही

रायफल म्हणजे नळीच्या आतून पीळ घेत गेलेल्या खाचा, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. खाचा नसतील तर ती गुळगुळीत नळीची बंदूक, छर्ऱ्यांना उत्तम, एका गोळीला साधारणच. आपल्याकडे शेतरक्षणाच्या ज्या ठासणीच्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या गुळगुळीत नळीच्या, एकनळी किंवा दुनळी. खरी पीळदार नळीची ठासणी क्वचित बाहेर येते, आणि म्हणूनच “रायफल” म्हणून जास्त पैसे मागतात.

इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. एनफिल्डची १८५३ पॅटर्नची रायफल, .५७७ बोअर (म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचात), तीच ती १८५७ च्या काडतुसांवाली. तिच्यात ३ खाचा असतात आणि पीळ फार सावकाश, ७८ इंचात एक फेरा, म्हणजे ३९ इंची नळीत अर्धाच फेरा. उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना चांगली रायफल द्यायचं बंद केलं आणि बाहेरून तशीच दिसणारी पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली. त्यामुळे तीन कड्यांची, लांबलचक, घोड्याशेजारच्या प्लेटवर मुकुट आणि इंग्रजीत टॉवर लिहिलेली बंदूक समोर आली की मालक छाती फुगवून एनफिल्ड रायफल सांगतो, आणि तो खोटं बोलत असतो असंही नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. आत टॉर्च मारल्याशिवाय काही खरं नाही. आणि प्लेटवरची अक्षरं भिंग लावून वाचा, गावठी कारागिरांनी इंग्रजी न येता बघून बघून कोरलेल्या प्लेटी पुष्कळ आहेत, एन उलटा, मुकुट म्हणजे कोबीचा गड्डा. नकली म्हणून ती वाईटच असं नाही, पण एनफिल्डचे पैसे देऊ नका.

यूट्यूबवर बघून कुणी पेडरसोली (जुन्या बंदुकांच्या नव्या प्रती करणारी इटालियन कंपनी) किंवा हॉकन (जुनी अमेरिकन ठासणी) स्टाईलच्या रायफली डोक्यात घेऊन बसला असेल तर त्याने त्या व्हिडिओतच बघाव्यात. तिकडे वापरलेल्या बंदुकांचा मोठा बाजार आहे, पिळावर चर्चा चालतात, ४८ इंचात एक फेरा असेल तर गोल गोळी आणि लांबट गोळी दोन्ही जेमतेम चालतात, ६० च्या पुढे असेल तर गोल गोळीच वगैरे. ज्ञान म्हणून चांगलं आहे, मी पण तासन्तास बघतो. पण आपल्याकडे साध्या माणसाला बाहेरून बंदूक मागवता येत नाही, त्यामुळे जे इथे आहे त्यातूनच निवडायचं. खाचा मिळाल्याच तर पीळ मोजायची युक्ती सोपी आहे, गजाला घट्ट चिंधी गुंडाळून आत घालायची, गज मोकळा फिरू द्यायचा, खडूने खूण करायची आणि किती इंचात पाव फेरा झाला ते बघून चारने गुणायचं.

बघायला जाताना

सकाळी जा, उजेडात. बरोबर लांब लाकडी काठी किंवा गज, जुन्या सुती साडीच्या चिंध्या, बारीक टॉर्च, भिंग, खडू. आणि एक जाणता माणूस, तो नसेल तर एक रविवार पुढे ढकला.

बंदूक हातात आली की तोंड कुणाकडेही नाही, स्वतःच्या पायाकडे पण नाही. निपलवर टोपी नाही ना बघा. मग घोडा वगैरे न खेळवता, तोंडासमोर डोकं आणि तळहात न आणता, काठी बाजूने धरून हळू आत सोडा, तळाला टेकली की तोंडापाशी खडूची खूण. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावा. खूण तोंडाशी ठेवल्यावर काठीचं टोक निपलच्या जवळपास यायला पाहिजे.

मुळशीकडच्या एका घरात माझी काठी चार बोटं आधी थांबली. मला वाटलं कचरा असेल, कोळ्याचं जाळं, मातीमाशीचं घर. परत घातली, तिथेच टेकली, आणि आवाज लोखंडाचा टण्ण न येता बद्द आला. मालक आजोबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते, म्हणाले, “भरल्याली आसंल, वडलांनी डुकरासाठी भरून ठिवली आसंल.” वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, तोवर बंदूक खुंटीला आणि खाली पोरं अभ्यासाला. काळी दारू कोरडी राहिली तर वीस वर्षांनीसुद्धा पेटते हे लक्षात ठेवा. आम्ही ती हलवलीच नाही, तोंड मागच्या मातीच्या भिंतीकडे करून ठेवली आणि मालकाला लायसन्सवाल्या मिस्त्रीकडून रिकामी करून घ्यायला सांगितलं. स्वतः खिळा घालून उकरायचा शहाणपणा नको, आणि “एक बार काढून टाकू” तर अजिबात नको.

नळी

रिकामी आहे याची खात्री झाली की खरं काम सुरू. दस्ता बदलता येतो, घोडा बदलता येतो, निपल तर स्क्रू आहे. नळी गेली की बंदूक गेली, म्हणून वेळ इथेच घालवा.

घट्ट चिंधी गजाला लावून एकदा आत-बाहेर करा, सावकाश, हाताला काय लागतं त्याकडे लक्ष ठेवा. सगळीकडे सारखा जोर लागला तर छान. मध्येच एकदम सैल झालं आणि पुढे परत घट्ट, तर तिथे नळी आतून फुगलेली आहे. कुणीतरी गोळी दारूपर्यंत न ठासता अर्ध्यात सोडून बार काढलेला असतो, मधल्या पोकळीने नळी फुगते. बाहेरून पण दिसतं, खिडकीकडे तोंड करून नळीवरून तिरपी नजर टाका, उजेडाची रेघ जिथे वाकडी होते तिथे फुगवटा. फुगलेली नळी फुकट मिळाली तरी चालवायला घेऊ नका, ती पुढच्या वेळी तुमच्या डाव्या हातापाशी फुटणार.

चिंधी बाहेर आल्यावर रंग बघा. तांबूस भुकटी म्हणजे वरवरचा गंज, तेलाने जातो. काळा चिकट राप म्हणजे शेवटच्या बारानंतर धुतलीच नाही. काळी दारू जळाल्यावर अर्ध्याहून जास्त ऐवज राख आणि मीठ म्हणून मागे राहतो आणि तो हवेतलं पाणी ओढतो, मावळातल्या पावसाळ्यात एका आठवड्यात नळीची वाट लागते. चिंधीचे धागे निघून आले तर आत खड्डे आहेत. थोडे खड्डे तोंडाच्या बाजूला असतील तर मी चालवून घेतो, तळाशी दारूच्या जागेला असतील तर नाही. तिथेच सगळा दाब येतो.

नळीवर धाग्यांच्या विणीसारखी नक्षी दिसली तर ती पट्ट्या गुंडाळून जोडलेली दमास्कस नळी असू शकते, दिसायला देखणी पण पट्ट्यांच्या सांध्यात आतून गंज चालतो, तो टॉर्चला दिसत नाही. नव्या माणसाने नको.

नळीच्या बुडाचा प्लग बसवलेला असतो त्या सांध्याभोवती काळे ओघळ दिसतात का बघा, दिसले तर धूर तिथून बाहेर येतो. नळीचे शिक्केही बघा, बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळ्या तपासून शिक्का मारायचं सरकारमान्य घर आहे, तसा शिक्का असेल तर कधीकाळी तरी ती नळी दाबाला टिकली एवढं कळतं. आज टिकेल का हे शिक्का सांगत नाही.

कुणी नळी कापून आखूड केलेली असेल तर लगेच कळतं, पुढची माशी (नेम धरायचा दाणा) नवी डाग दिलेली असते आणि गज बाहेर लोंबतो. परवानगीशिवाय नळी कापणं हा गुन्हा आहे, ती भानगड विकत घेऊ नका.

घोडा, चाप, निपल

घोडा अर्ध्यावर आणा आणि चाप दाबा, नीट जोर लावून. पडता कामा नये. मग पूर्ण मागे घ्या आणि अंगठ्याने घोड्याला मागून पुढे ढकला, तरीही पडता कामा नये. या दोन्हीत एकदा जरी सुटला तर आतल्या खाचा झिजल्यात, दुरुस्ती होते पण किंमतीतून कापून घ्या. हे करताना अंगठा घोड्यावरच ठेवा आणि हळू खाली आणा, नुसताच आपटू देऊ नका, निपलचं तोंड चेपतं. मालक स्वतःच कौतुकाने खाडखाड आपटून दाखवत असेल तर निपल गेलेला आहे असं समजा.

निपलचं तोंड मशरूमसारखं पसरलेलं असेल किंवा भोक मोठं झालेलं असेल तर बदलायचा. भोक मोठं झालं की बाराच्या वेळी गॅस मागे येऊन घोडा उचलतो आणि टोपीचे तुकडे तोंडावर येतात, म्हणून डोळ्याला चष्मा लागतोच. निपल स्वस्त आहे, पण तो ज्या आट्यात बसतो ते आटे झिजलेले असतील तर काम मोठं. निपल धरून हलवा, खुळखुळला तर विचार करा.

दस्त्याला मनगटासारखी बारीक जागा असते तिथेच तडा जातो, पितळी पट्टी किंवा तार गुंडाळलेली असेल तर ती शोभेला नाही, खाली मोडलंय. बाकी लाकडावरचे ओरखडे सोडा. पॉलिश नवीन असेल तर मला उलट संशय येतो.

पैसे आणि त्यानंतर

किंमतीचा आकडा मी सांगणार नाही, तालुका बदलला की आकडा बदलतो. दोष तोंडावर मोजून दाखवायचे, एकेक, आवाज न चढवता. “आमच्या पणजोबांची आहे” याचे पैसे द्यायचे नाहीत, पणजोबा त्यांचे.

घेतल्यावर मुदतीत तुमच्या लायसन्सवर चढवून घ्या. दारू आणि टोप्या लायसन्सवर लिहिल्याएवढ्याच आणि दुकानातूनच घ्यायच्या, टोपीसुद्धा दारूगोळ्यातच मोजतात. फक्त काळी दारू. काडतुसं फोडून काढलेली बिनधुराची दारू घातली तर नळी फाटते, आणि फटाक्यातली दारू घालणारे महाभाग गावोगाव आहेत, त्यांच्यापैकी काहींना बोटं कमी आहेत. पहिला बार मिस्त्रीने नळी तपासून हो म्हटल्यावरच. आणि शेतरक्षणाचं लायसन्स मिळालं म्हणजे रानडुक्कर मारायची मोकळीक मिळाली असं नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

धुवायचं त्याच दिवशी, उद्यावर टाकायचं नाही. माझ्या बंदुकीची नळी पाचर काढली की दस्त्यातून सुटी होते, ती बुडाकडून बादलीत उभी करायची आणि चिंधी लावलेला गज पिचकारीसारखा वर-खाली करायचा, निपलमधून काळं पाणी जातं. शेवटचं पाणी उकळतं घ्यायचं म्हणजे लोखंड तापून आपोआप वाळतं, मग तेल. गंधकामुळे बाथरूमभर कुजक्या अंड्याचा वास सुटतो. घरच्यांनी गच्चीवर जा सांगितलं, पण आमच्या सदाशिव पेठेत गच्चीवर नळी घेऊन उभं राहिलं तर समोरच्या काकू आधी फोन करतात आणि मग विचारतात, त्यामुळे मी पहाटे पाणी आलं की दार लावून बाथरूममध्येच उरकतो आणि वर दोन उदबत्त्या लावतो.